सगळे पोटाकडे बघत होते

ऐत उसफ्रू, ३० मार्च १९९३

बतूलताई,

सलाम. ईदला पाठवलेला साबण आणि पत्र, दोन्ही पोचलं. साबण सासूबाईंनी ठेवून घेतला. पत्र माझ्या वाट्याला आलं, कारण या घरात वाचता येतं ते मला एकटीला.

"काही विशेष?" असं तू विचारलंस. विशेष एवढंच की लग्नाला सात वर्षं झाली आणि माझं पोट आता माझं राहिलं नाही, गावाचं झालं. विहिरीवर बायका आधी पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे बघून सलाम करतात. गावच्या मशिदीतल्या फकीहने परत एकदा कागदावर काहीबाही लिहून तो पाण्यात धुतला आणि ते काळं पाणी मला पाजलं. शाई घशाखाली उतरत नव्हती. सात वर्षांत माझ्या पोटात जेवढी अक्षरं गेली, तेवढी आमच्या शाळेच्या फळ्यावर कधी लिहिली गेली नसतील. त्याआधी निखाऱ्यावर कसलंसं कातडं जाळून मला धुरात बसवलं होतं. खोकून खोकून बेजार झाले. सासूबाई म्हणाल्या, "बघ, आतलं निघतंय!"

माझे यजमान बासू मेंढ्यांची लॉरी घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असतात. मूल न होण्यात त्यांचा काही हात असेल, असं मनात आणायलाही कोणी तयार नाही. त्यांची मिशी फार दाट आहे.

बाकी मी बरी आहे. नुसती झोप येते. कणीक मळता मळता डोळा लागतो. थंडी तर अशी वाजते की चुलीपाशीही दोन स्वेटर लागतात. वय झालं म्हणायचं, आणखी काय. एकोणतीस म्हणजे काही कमी नाही.

तुझी इत्तो


राबात, १४ एप्रिल १९९३

इत्तो,

एकोणतीस म्हणजे म्हातारपण असेल, तर मी पंचेचाळीस वर्षांची, मला आतापर्यंत गाडून मोकळं व्हायला हवं होतं तुम्ही.

फकीहला माझा सलाम सांग. त्याला विचार, शाई कुठल्या कंपनीची? इथे रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आम्ही बावीस वर्षं घासतोय, बाटल्या धुतोय, आकडे काढतोय, आणि तो दऊत उघडून मोकळा होतो.

आता थट्टा बाजूला. मी विचारते त्याची उत्तरं दे, लाजू नकोस, मी तुझी सख्खी आतेबहीण आहे आणि दिवसभर लोकांचं रक्त-लघवी बघते. पाळी वेळेवर येते का? केस गळतात का? आवाज बसल्यासारखा झालाय का? मागे दिवस राहून गेले होते का कधी? तू मला कधी सांगितलं नाहीस, पण मामीच्या तोंडून मी काहीतरी ऐकलं होतं.

बासूच्या मिशीबद्दल बोलायचं तर, मी हजारो पुरुषांचे कागद पाहिलेत. मिशीचा रकाना कुठल्याच कागदावर नसतो. त्यालाही तपासून घ्यावं लागेल.

बतूल


ऐत उसफ्रू, ९ मे १९९३

बतूलताई,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला बसणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. "कागद घे. एक पत्र लिहायचंय."

कोणाला, तर पलीकडच्या खोऱ्यात मामास नावाची मुलगी आहे, तिच्या आईला. मी विचारलं, "काय लिहू?" त्या म्हणाल्या, "लिही. माझ्या मुलासाठी तुमची मुलगी बघायला येत आहोत."

ताई, मी बोरू शाईत बुडवला तो बुडवूनच ठेवला.

"लिही ना! बसलीस काय? लिही, पहिली सून स्वभावाने चांगली आहे, कामाला जरा मंद आहे, पण जमीन नापीक निघाली."

मी विचारलं, "नापीक याच ओळीत घेऊ की नवीन ओळीवर?"

"नवीन ओळीवर. नीट दिसू दे." मग म्हणाल्या, "अक्षर चांगलं काढ गं. लोकांना वाटायला हवं, शिकलेलं घर आहे."

काढलं. इतकं सुंदर अक्षर मी जन्मात काढलं नव्हतं. एक शब्द खोटा लिहिला नाही, एक वगळला नाही. मनात आलं होतं, बासूंना फेफरं येतं असं लिहून टाकावं. पण मग ते पत्र माझं झालं असतं, त्यांचं राहिलं नसतं. बासूंना विचारलं तर जमिनीकडे बघत म्हणाले, "आईचं मन मोडवत नाही." माझं मन मोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता तुझी उत्तरं. पाळी कधी दोन महिन्यांनी येते, आली की पंधरा दिवस जात नाही. केस फणीत जास्त आणि डोक्यावर कमी. आवाज असा घोगरा की लोकांना वाटतं बासू घरी आहेत. दिवस दोनदा राहिले होते, दोन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आत गेले. आणि एक गोष्ट अशी, जी मी आईलाही सांगितली नाही. मूल नसताना मला दूध येतं. थेंब थेंब. कोणी पाहिलं तर म्हणतील जिन्न लागलाय. हे वाचून झालं की पत्र जाळ.

इत्तो


राबात, २० मे १९९३

इत्तो,

पत्र जाळलं नाही. परत परत वाचलं.

जिन्न नाही. ऐक. आरसा घे आणि आपली मान बघ. गळ्याच्या पुढे, मध्यभागी, फुगवटा आहे ना? तुझ्या आईला होता, माझ्या आईला होता, तुझ्या सासूबाईंच्या गळ्यात तर चांदीची माळ ज्यावर टेकते तो उंचवटाच आहे. तुमच्याकडे त्याला भरलेली मान म्हणतात, त्यावर लग्नात गाणी म्हणतात. इथे आम्ही त्याला गलगंड म्हणतो. डोंगरातल्या मिठा-पाण्यात आयोडीन नसलं की गळ्यातली ही गाठ, थायरॉइड, राबून राबून सुजते आणि शेवटी थकते.

ती थकली की सगळं मंदावतं. झोप, थंडी, केस, आवाज. मग डोकं तिला ओरडून कामाला लावायला बघतं, आणि त्या ओरडण्यात भलत्याच ग्रंथीला हुकूम जातो. म्हणून ते दूध. शरीराला वाटतं बाई अंगावर पाजते आहे, मग ते बीज तयार करायचंच थांबवतं. चुकून दिवस राहिलेच तर टिकत नाहीत. हे सगळं एका गाठीमुळे. सात वर्षं अख्खं गाव, फकीह आणि दोन खोऱ्यांतल्या सुइणी तुझ्या पोटाकडे बघत बसल्या. एक वीत वर बघायचं कोणाला सुचलं नाही.

ताबडतोब बनी मल्लालच्या मोठ्या दवाखान्यात जा. रक्त द्यायचं, सोबतच्या चिठ्ठीवर तपासण्यांची नावं आहेत. नवऱ्याची चिठ्ठी वेगळी केली आहे.

त्या मुलीला बघायला जाणार असशील तर तिच्याही मानेकडे बघ.

बतूल


ऐत उसफ्रू, २७ जून १९९३

बतूलताई,

बासूंना त्यांची चिठ्ठी दिली. काय करायचं ते समजावून सांगितलं, छोटी बाटली दाखवली. बाटली बघितली आणि माणूस लॉरी घेऊन निघाला तो चार दिवस परतला नाही. म्हणे खेनिफ्राला मेंढ्यांचा भाव चढला होता.

तोवर सासूबाईंनी मला मामासच्या घरी नेलं. हो, मला! मुलगी बघायला बरोबर पहिली सून असली की घरात वाद नाही हे दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी खजुराची टोपली धरून मागून चालले.

मामास चहा घेऊन आली. एकवीस वर्षांची, गोरी, गोड मुलगी. भर जूनमध्ये तिने लोकरी शाल पांघरली होती. पेले ठेवताना तिने सलाम केला तो घोगऱ्या आवाजात. आणि मान! सासूबाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघितलंस? कशी भरलेली आहे! ही सुपीक."

ताई, खोटं बोलत नाही. पहिल्यांदा मला हसू आलं. वाटलं, गप्प बसावं. येऊ दे हिला. सासूबाईंना दोन सुना मिळतील, दोघी चुलीपाशी झोपा काढतील, आणि पुढची सात वर्षं फकीह हिला शाई पाजेल. मी मजा बघेन. अर्धा पेला चहा होईपर्यंत मी हाच विचार केला, खरं सांगते.

मग पोरीने शाल आणखी घट्ट ओढली. मी विचारलं, "थंडी वाजते का गं?"

ती चमकली. म्हणाली, "तुम्हालाही?"

"पाळी?"

तिच्या आईने पेला खाली ठेवला. "हे काय विचारणं झालं?"

मी म्हणाले, "मावशी, जो आजार मला आहे तोच तुमच्या मुलीला दिसतोय. तो गळ्यात असतो आणि पोट रिकामं ठेवतो. हिला आमच्याकडे दिलीत तर एका नापीक जमिनीच्या दोन होतील. त्यापेक्षा माझ्याबरोबर तपासणीला पाठवा."

सासूबाई उठल्याच. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत आणि घरी आल्यावर थांबल्या नाहीत. मला कैदाशीण म्हणाल्या, जळकी म्हणाल्या, शिकवलं हीच चूक झाली म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळीच दार वाजलं. मामासची आई, मागे मामास. "ते रक्त कुठे देतात?"

म्हणजे बघ, ज्या दोघी सवती व्हायच्या होत्या, त्या बनी मल्लालला एका बाकावर बाह्या वर करून बसल्या. रक्त काढणाऱ्या बाईने विचारलं, "तुम्ही एकमेकींच्या कोण?" मामास म्हणाली, "होता होता राहिलो."

कागद सोबत पाठवते.

इत्तो


राबात, १८ जुलै १९९३

इत्तो,

तू पाठवलेले दोन्ही कागद वाचले. तुझा आकडा जिथे चारच्या आत असायला हवा तिथे त्र्याऐंशी आहे. मामासचा एकवीस. दोघींची गाठ थकलेली आहे. तुझी जवळजवळ झोपलेलीच. आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले, त्यांनी मात्रा लिहून दिली आहे.

रोज एक गोळी, उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. अर्धा तास चहा नाही, भाकर नाही. सासूबाईंचे टोमणे मात्र चालतील, त्यांनी औषधाचा गुण कमी होत नाही. दर दोन महिन्यांनी रक्त. बाजारात आयोडीनचं मीठ आलं तर ते घ्यायचं, घरात सगळ्यांनी खायचं. आणि ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. बरं वाटलं म्हणून नाही, वाईट वाटलं म्हणून नाही.

मूल होईलच असं मी म्हणत नाही. असं फकीह म्हणतो. मी एवढंच म्हणते की दार लावलेलं होतं, ते आता उघडेल.

तू त्या घरात अर्धा पेला चहा होईपर्यंतच वाईट होतीस. मी पूर्ण किटली संपवली असती.

बतूल


ऐत उसफ्रू, ८ फेब्रुवारी १९९४

बतूलताई,

एकाच स्वेटरवर हिवाळा काढला! आवाज परत आला, विहिरीवर गायले तर बायका वळून बघायला लागल्या. पाळी चार महिने नेमाने येत होती, दूध बंद झालं. बासूंनीही शेवटी बाटलीशी सामना केला. निकाल उत्तम आला आणि तो त्यांनी सगळ्या बाजाराला वाचून दाखवला. कसायालासुद्धा.

आणि आता ऐक. गेल्या महिन्यात पाळी आली नाही. सकाळी मळमळतं. सासूबाई सिदी बूइमुलाच्या दर्ग्यावर जाऊन आल्या होत्या, त्यामुळे श्रेय कोणाचं ते ठरलेलं आहे. मामासचं लग्न ठरलं, एका शिक्षकाशी. तीही गोळी घेते.

चार दिवसांनी रमजान लागेल. मी खूप खुशीत आहे.

इत्तो


राबात, २५ मार्च १९९४

इत्तो,

फेब्रुवारीत मी लगोलग लिहिलं होतं की दिवस राहिले तर मात्रा वाढवावी लागते, लगेच रक्त दे. त्याला उत्तर नाही. रमजान संपला, ईद झाली. उत्तर नाही.

लोकांच्या आनंदात मला पत्रं येतात. लपवायचं असलं की येत नाहीत. गोळी चालू आहे का?

बतूल


ऐत उसफ्रू, ३ एप्रिल १९९४

ताई,

गोळी मी बंद केली.

सासूबाईंचं नाव घेतलं असतं तर सोपं होतं. त्या म्हणाल्याच होत्या की औषधाने रोजा मोडतो, औषधाने मुलाला इजा होते, आणि सिदींनी दिलेलं आहे तर सिदी सांभाळतील. पण त्यांनी माझ्या हातातून डबी ओढून घेतली नाही. मीच ती पिठाच्या कणगीमागे ठेवली. कारण मला वाटलं, आता मी इतर बायकांसारखी झाले. एकदा तरी कुठल्याही डबीशिवाय बाई होऊन बघावं. रोजेही धरले. सगळ्यांनी किती कौतुक केलं! सासूबाईंनी पहिला खजूर माझ्या तोंडात घातला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मी वाचलं होतं. दोनदा.

काल डाग दिसला. थोडाच, पण लाल. मी कोणाला सांगितलं नाही. झोपून आहे. हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देते आहे, तो थेट तुझ्या हातात देईल.

तुला माझी थट्टा करायची असेल तर आता करू नकोस.

इत्तो


राबात, ४ एप्रिल १९९४

इत्तो,

हाच कंडक्टर परतीच्या बसने हे पत्र आणि गोळ्या घेऊन येतोय. वाचायच्या आधी एक गोळी घे. घेतलीस? आता वाच.

उद्या सकाळी बनी मल्लालला जायचं. डॉक्टरांना सगळं सांगायचं, काहीही न लपवता. चिठ्ठीवर वाढवलेली मात्रा आहे, पण ती कमीजास्त करायची ती रक्त बघून त्यांनीच. मूल या महिन्यांत आपली गाठ बनवत असतं, तोवर ते आईच्याच जिवावर चालतं. तू तुझ्या एकटीची गोळी बंद केली नाहीस, त्याचीही केलीस. रोजा म्हणशील तर गरोदर बाईला आणि आजाऱ्याला सूट आहे, हे फकीहलाही माहीत आहे. विचार त्याला.

थट्टा करणार नाही. एक गोष्ट सांगते.

मी नवऱ्याला सोडून राबातला आले, शहराला भुलले, असं गावात सांगतात. ते मीच पसरवलं. खरं म्हणजे मला घालवून दिलं. चार वर्षांत तीन गेले, सगळे तिसऱ्या महिन्यात. सासरच्यांनी माझी पेटी बाहेर आणून ठेवली. अंगात थंडी, गळ्यावर हीच आपल्या खोऱ्याची मान. मी रक्ताच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि लोकांच्या बाटल्या धूत राहिले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी नवं यंत्र आलं. चालतंय का बघायला कोणाचं तरी रक्त हवं होतं, मी दिलं. आकडा इतका मोठा आला की तंत्रज्ञ म्हणाला, यंत्र बिघडलंय.

यंत्र नीट होतं.

एका डबीएवढं औषध होतं गं. ते मी ज्या इमारतीत झाडलोट केली, तिच्या तळमजल्यावर मिळत होतं. तुला डबीशिवाय बाई व्हायचं होतं ना? मी होते. सतरा वर्षं.

जा. बासूला सांग लॉरी काढायला.

बतूल


ऐत उसफ्रू, ८ ऑक्टोबर १९९४

बतूलताई,

इतके महिने चार-चार ओळींवर तुला झुलवलं. मोठं पत्र लिहायची हिंमतच होत नव्हती. आता लिहिते.

त्या दिवशी तुझं पत्र मी बासूंना वाचून दाखवलं. शेवटचा भागसुद्धा, माफ कर. ते तसेच उठले. बाजाराला निघालेल्या चाळीस मेंढ्या लॉरीतून खाली उतरवल्या, आणि त्या जागी गादी टाकली. सासूबाई ओरडल्या, "मेंढ्या कुठे चालल्या? बाजार चुकेल!" बासू म्हणाले, "चुकू दे." आईला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं, तेही दोनच शब्दांचं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. मग चपला घालून मागे चढून माझ्याजवळ बसल्या. सगळ्या वाटेत सिदींना हाका मारत होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला माझी कंबर धरत होत्या.

डाग थांबला. दर महिन्याला रक्त दिलं, मात्रा दोनदा वाढवली. आणि काल दुपारी बनी मल्लालला मुलगी झाली. तीन किलो. रडली तेव्हा सगळा मजला जागा झाला.

सासूबाई म्हणाल्या, "मुलगी?" मी म्हणाले, "बदलून आणू का?" त्यांनी तिला उचललं. मग मांडीवर घेऊन तिचं नाक कोणासारखं आहे ते सांगायला लागल्या. सगळ्यांसारखं आहे म्हणे, माझं सोडून.

तिची गाठ तपासायला तू पाठवलेल्या टीपकागदावर तिच्या टाचेतलं रक्त घ्यायचं होतं. नर्सने सुई काढताच सासूबाई तिच्या अंगावर धावून गेल्या. बासूंनी मुलीचा पाय धरला, तोंड भिंतीकडे करून. कागदावर तीन थेंब घेतले. मिशी थरथरत होती. आम्ही नाव रकूश ठेवतोय. कागद लिफाफ्यात आहे, दुमडलेला नाही.

तिची गाठ चालते ना, एवढं सांग. मी दोन महिने गोळी घेतली नव्हती. हे मी रोज मोजते.

इत्तो


राबात, २० ऑक्टोबर १९९४

इत्तो,

रकूशची गाठ चालते. उत्तम चालते. तू मोजायचं बंद कर आणि सकाळची गोळी चालू ठेव. तुझी मात्रा आता परत तपासावी लागेल.

सासूबाईंना सिदींच्या नावाने मेंढा कापायचा असेल तर कापू दे. मांस आपणच खायचं आहे. तेवढ्यासाठी मी गुरुवारच्या बसने येते आहे. तेवीस वर्षांनी. माझ्याबद्दल विहिरीवर कोणी विचारलं तर खरं ते सांगून टाक. मी तरी किती दिवस शहराला भुललेली राहू.

तो टीपकागद दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही. मीच यंत्राला लावला आणि स्टूल ओढून समोर बसले. इतकी वर्षं मी कागद हातात आला की आधी आकडा वाचते, नाव नंतर, कधी वाचतही नाही. आज यंत्रातून कागद निघाला तेव्हा मी आकड्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ नुसतं नाव वाचत बसले.

बतूल